आईच्या दुधातील संरक्षक घटक आणि आईची ॲलर्जी

बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवणारी प्रथिने, शर्करा आणि जिवंत पेशी आईच्या दुधात असतात. त्यांना दुधातील संरक्षक घटक म्हणतात. आईला दमा असेल, अंगावर गांधी उठत असतील किंवा एखादा पदार्थ सोसत नसेल, तर ते दुधावाटे बाळात उतरते का, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. ठाणे-नवी मुंबईत तो बहुधा बाळंतिणीच्या ताटावरून निघतो.

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण मागून खातो; बाईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या अजून भेटतात. वासराला गर्भात आईची प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिने) मिळत नाहीत, म्हणून चीक चुकला तर त्याच्या जिवावर बेतते. माणसाच्या बाळाला आयजीजी ही प्रतिपिंडे वारेतून आधीच मिळालेली असतात. आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारे आयजीए हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड मात्र जन्मानंतर दुधातूनच यावे लागते. सुरुवातीच्या चिकात ते लिटरमागे सुमारे १० ग्रॅम असते, पुढे १ ग्रॅमच्या आसपास येते. तोवर दूध वाढलेले असते, त्यामुळे बाळाच्या वाट्याचे फारसे घटत नाही. पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम चमचाभर चीक निघतो. ‘दूधच येत नाही’ म्हणून वरचे दूध सुरू होते ते याच दिवशी.

दुधातून प्रतिकारशक्ती पिल्लांकडे जाते हे पॉल एर्लिख यांनी १८९२ मध्ये उंदरांवर दाखवले. दुधातले आयजीए रक्तातल्यापेक्षा वेगळ्या बांधणीचे असते, हे स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी १९६१ मध्ये मांडले. त्याला एक जादा प्रथिन चिकटलेले असते, म्हणून ते पोटात सहज पचून जात नाही. आईच्या आतड्यात किंवा श्वासमार्गात शिरलेले जंतू ओळखणाऱ्या पेशी रक्तातून स्तनांपर्यंत पोचतात आणि तिथे त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तयार करतात. कळव्यातल्या बाईच्या दुधात कळव्याच्या हवापाण्यातल्या जंतूंवरचा उतारा असतो, असे म्हणायला हरकत नाही. डब्याच्या दुधात तो मिळत नाही.

बाकीचे घटक थोडक्यात असे. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवते आणि जंतूंना उपाशी मारते, लायसोझाइम त्यांचे कवच फोडते. ऑलिगोसॅकराइड या शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या उपकारक बिफिडोबॅक्टेरियांचे अन्न असतात. ऐरोली-महापेला कामावर जाणारी आई दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवते तेव्हा त्यातल्या जिवंत पेशी मरतात, पण शर्करा टिकतात आणि आयजीएही बरेचसे राहते.

आता ॲलर्जी. ती घडवणारी आयजीई प्रतिपिंडे वारेतून जात नाहीत, दुधातही नगण्यच असतात. आईची ॲलर्जी बाळात येते ती आनुवंशिक कल म्हणून, आणि तो कल बाटलीच्या दुधाने टळत नाही. ॲलर्जी असलेल्या बायकांच्या दुधातले संदेशवाहक रेणू वेगळे असतात का, यावर बरेच अभ्यास झाले, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

चेंदणी किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यात हा विषय कोळंबीशी येऊन थांबतो. कोळंबीची ॲलर्जी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. जवळाही कोळंबीच्याच जातकुळीतला, म्हणून कोळंबी न सोसणाऱ्या बाईने सुका जवळाही टाळावा. बोंबील हा मासा, त्याचे प्रथिन निराळे. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही ट्रोपोमायोसिन असते, आणि खाडीकाठच्या दमट घरात गादी-उशांत ते किडे भरपूर वाढतात. कोळंबी-जवळ्याचे हे पथ्य आईच्या स्वतःसाठी आहे. बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून निरोगी आईने मासे, अंडी, शेंगदाणे सोडण्याचा उपयोग दिसलेला नाही. वरणभात-मेतकुटावर ठेवलेली बाळंतीण अशक्त तेवढी होते.

अपवाद आहे. आई गाईचे दूध प्यायली की त्यातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे अत्यल्प अंश अनेकींच्या दुधात उतरतात. क्वचित एखाद्या अंगावर पिणाऱ्या, एरवी हसऱ्या बाळाच्या शीमध्ये त्यामुळे रक्ताचे धागे दिसतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर, खवा बंद करून पाहायचा. अळिवाची खीर नारळाच्या दुधात होते. अंगावर पाजणे थांबवायचे नसते. फरक पडला तर पुन्हा एकदा थोडे दूध घेऊन खात्री करतात. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, आणि आईचे दूधदुभते महिनोन्‌महिने विनाकारण बंद राहते.

दमेकरी आईने इन्हेलर सोडू नये. त्यातले औषध दुधात फारच थोडे उतरते. सर्दी-खाजेसाठी सेटिरिझिन किंवा लोराटाडिन चालते. जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी बाळ सुस्तावते आणि दूधही कमी होऊ शकते. ओवा-वावडिंगाची धुरी अशा घरात नकोच: बंद खोलीतल्या शेगडीचा धूर आईच्या छातीला बाधतो आणि मांडीवरच्या बाळाच्याही.