काचबिंदूचे थेंब बाळाच्या लाल डागावर

बाळ दोन-तीन आठवड्यांचं होतं आणि गालावर किंवा पापणीवर लाल ठिपका उठतो, बघता बघता फुगतो. हा हिमॅन्जिओमा: रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ, पण कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते, मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त. आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून डाग आला, असं आपल्याकडे अजूनही सुनावतात. त्या बाईचा यात काडीचाही दोष नसतो.

पूर्वी अशा सगळ्या लाल डागांना डॉक्टरही सरसकट एकच नाव देत. १९८२ साली मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी वाढून ओसरणारे हिमॅन्जिओमा आणि जन्मभर राहणारे रक्तवाहिन्यांचे दोष वेगळे केले. उपचार मात्र तेच राहिले: वाट बघा, आणि डोळा झाकला जात असेल किंवा श्वास अडत असेल तर स्टेरॉइड.

कलाटणी मिळाली ती फ्रान्समधल्या बोर्दो शहरात. नाकावर हिमॅन्जिओमा असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड चालू होतं. त्यातच हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे ठोके संथ करणारं बीटा-ब्लॉकर औषध सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. औषध हृदयासाठी होतं, तरी डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हा बदल योगायोग म्हणून सोडून दिला नाही. इतर बाळांमध्येही तोच परिणाम दिसला आणि २००८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. मला या सगळ्या इतिहासात हीच नजर सर्वांत मोलाची वाटते.

पण पोटातून प्रोप्रॅनोलॉल द्यायचं तर बाळाची नाडी, रक्तदाब, साखर सांभाळावी लागते. छोट्या डागासाठी एवढं कशाला? त्याच जातीचं टिमोलॉल काचबिंदूसाठी १९७०च्या दशकापासून डोळ्यांत घालत होतेच. २०१० मध्ये गुओ आणि नी या डॉक्टरांनी पापणीवरच्या हिमॅन्जिओमावर ते लावून गुण आल्याचं नोंदवलं. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४१ बाळांवर झालेल्या चाचणीत टिमोलॉल जेलने डाग लहान आणि फिका झाला.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत पातळ, वरवरच्या हिमॅन्जिओमासाठी टिमोलॉलला मान्यता दिली. तरी हे डॉक्टरांना न विचारता घरच्या घरी लावायचं औषध नाही. ०.५ टक्क्याच्या एका थेंबात सुमारे पाव मिलिग्रॅम टिमोलॉल असतं आणि ते त्वचेतून रक्तात उतरतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नाडी त्याने मंदावू शकते. डाग चिघळलेला असेल तर ते आणखी जास्त शोषलं जातं. जन्मापासून असलेल्या सपाट पोर्ट-वाइन डागावर त्याचा उपयोग नाही, तिथे लेसरच लागतो. आणि ‘आपोआप जाईल’ म्हणत थांबण्यात खरा काळ निसटतो, कारण गाठ सर्वांत वेगाने वाढते ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात. म्हणून काळजी वाटावी अशी गाठ बाळ महिन्याचं होण्याच्या सुमारासच तज्ज्ञाला दाखवावी, असं ती मार्गदर्शिका सांगते.