मे महिन्याची सुट्टी आणि वाचनालयाचं कपाट

परीक्षा संपल्या की मुंबईतल्या काही वाचनालयांच्या फळ्यावर मुलांसाठी सूचना लागते. सुट्टीपुरतं बालसभासदत्व, गोष्टींची दुपार, वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून आणणाऱ्याला बक्षीस, असं काहीबाही त्यात असतं. हे सगळं अमेरिकेकडून आलं, असं अनेकदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

तिकडची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात विल्यम ब्रेट यांनी कपाटं वाचकांसाठी खुली केली होती. त्यांच्या सहकारी लिंडा ईस्टमन यांनी मुलांच्या वाचनाचं काम हाती घेतलं आणि १८९७ मध्ये तिथे मुलांचं ग्रंथालय मंडळ उभं राहिलं. सुट्टीत शाळा बंद, पण ग्रंथालय उघडं, मग मुलांनी तिथे यावं, इतका साधा विचार त्यामागे होता. तो जमला, कारण ते ग्रंथालय करातून चालत होतं आणि आत जायला पैसे लागत नव्हते.

हा विचार मराठी माणसांपर्यंत पोहोचायला फार वर्षं लागली नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी वेगळा कक्ष, गावोगाव जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, हे सारं त्या संस्थानात काही वर्षांत उभं राहिलं. मागे राजाची इच्छा होती आणि तिजोरीही होती.

मुंबईत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. इथे होती माणसं. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं ते वर्गणीच्या आणि देणग्यांच्या बळावर, आणि शहरातली बहुतेक मराठी वाचनालयं याच वाटेने वाढली. चार पदरमोड करणारे कार्यकर्ते, एखाद्याने दिलेली जागा, संध्याकाळचे ठरावीक तास. गिरणगावात ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ नंतर रात्रशाळांबरोबर कामगारांसाठी वाचनालयं आणि फिरती ग्रंथालयंही चालवली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं ते हेच काम, कारण वर्गणी भरू न शकणाऱ्या माणसापर्यंत पुस्तक नेण्याचा विचार त्यात होता.

वर्गणीच्या वाचनालयात मुलाचा प्रवेश वडिलांच्या खिशावर ठरतो. अनामत रक्कम, मासिक वर्गणी, एका वेळी एकच पुस्तक. जुन्या वाचनालयांत तर पुस्तकं काचेच्या कपाटात बंद, यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा. दहा वर्षांच्या मुलाला यादी बघून पुस्तक कसं निवडता येणार? त्याला ते हातात घेऊन, चित्रं चाळून बघायचं असतं.

दुसरी अडचण खास मुंबईची. मे महिन्यात मुलं इथे असायचीच कुठे? कोकणातली कुटुंबं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, पुढे एसटीने गावाला जायची, पावसाच्या तोंडावर परतायची. क्लीव्हलंडचं मूल सुट्टीत ग्रंथालयाच्या आसपास असे, लालबागचं मूल रत्नागिरीच्या बागेत. म्हणून इथे सुट्टीतलं वाचन बराच काळ सोबत नेलेल्या मासिकांवर चाललं. १९०६ साली सुरू झालेला ‘आनंद’, पुढे १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ हे त्यातले ठळक.

कायद्याने परिस्थिती थोडीच बदलली. मुंबई सरकारने १९३९ मध्ये कायदेपंडित असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या मदतीने १९५१ मध्ये मोफत सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं, पण ते दिल्लीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. संस्थांनी वाचनालय चालवायचं आणि सरकारने त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान द्यायचं, अशी रचना आहे. राज्यात अशी सुमारे १२ हजार ग्रंथालयं झाली, हे मोठंच काम. पण वर्गणी राहिली, आणि सुट्टीतला उपक्रम त्या वर्षीच्या कार्यकारिणीच्या उत्साहावर राहिला.

सुट्टीत वाचनाचं नेमकं काय होतं, याचा गाजलेला अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांचा, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला. अटलांटातल्या सहावी-सातवीच्या मुलांकडे त्यांनी पाहिलं. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांमधलं अंतर कमी असतं, उन्हाळ्यात ते वाढतं, आणि सुट्टीत सार्वजनिक ग्रंथालयात जाणं मुलांच्या प्रगतीशी स्पष्टपणे जोडलेलं दिसतं, असं त्यांना आढळलं. मुंबईत हा निष्कर्ष वाचताना अनामत रकमेचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

आमच्या लहानपणी वाचनालयातले ग्रंथपाल गावाला निघालेल्या मुलाला नियम बाजूला ठेवून एकदम चार पुस्तकं देत. नोंदवहीत परतीच्या तारखेच्या रकान्यात ते फक्त ‘जून’ लिहीत.