गृहोपयोगी उपकरण उद्योगातील रोजगार

फ्रिज, वॉशिंग मशीन, एअर कंडिशनर, ओव्हन, मिक्सर अशी घरगुती वापराची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांतील रोजगार. गेल्या पन्नास वर्षांत हा रोजगार अमेरिका व पश्चिम युरोपातून मोठ्या प्रमाणावर बाहेर गेला. तो सगळा चीनने नेला, हा समज मात्र बरोबर नाही.

याचे कारण फ्रिजच्या पोटात आहे. बाहेरचा पत्रा आणि आतली प्लास्टिकची पेटी यांच्यामधल्या पोकळीत फोम भरतात, कॉम्प्रेसरच्या नळ्या ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने सांधून) जोडतात, गॅस भरून गळती तपासतात. एवढे करून हाती येते ते एक रिकामे कपाट. ते जहाजाने दूर पाठवायचे, तर निम्मेअधिक भाडे हवेचेच पडते. त्यामुळे मोठ्या यंत्रांचे कारखाने बाजारपेठेच्या शेजारी, पण कमी मजुरीच्या देशात गेले. मिशिगनमधील ग्रीनव्हिल हे जेमतेम आठ हजार वस्तीचे गाव. तिथला इलेक्ट्रोलक्सचा फ्रिज कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि २,७०० जणांचे काम गेले. उत्पादन मेक्सिकोतील हुआरेझला हलले. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एईजी कारखान्यात कामगारांनी कित्येक आठवडे संप केला, तरी २००७ मध्ये टाळे लागलेच. तिथले बरेचसे काम पोलंडला गेले. हलक्या यंत्रांना भाड्याची ही अडचण नसते. डायसनने २००२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन इंग्लंडमधून थेट मलेशियाला नेले.

केंटकी राज्यातील लुईव्हिलचे ‘अप्लायन्स पार्क’ हा या चढउताराचा सर्वांत बोलका दाखला. जनरल इलेक्ट्रिकच्या या वसाहतीत १९७३ साली सुमारे २३,००० लोक कामाला होते. २०११ च्या सुमारास दोन हजारही उरले नाहीत. २०१६ मध्ये चीनच्या हायरने हा व्यवसाय विकत घेतला आणि पुढे तिथे पुन्हा भरती झाली.

आयात शुल्क लावून नोकऱ्या परत आणणे महागात पडते. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावले. फ्लेन, होर्ताचसू व टिंटेलनॉट या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाने त्यातून सुमारे १,८०० नोकऱ्या निर्माण झाल्या, पण ग्राहकांवर दर नोकरीमागे वर्षाला सुमारे ८,१५,००० डॉलरचा बोजा पडला. शुल्क नसलेले ड्रायरही महागले, कारण तिकडे वॉशर आणि ड्रायर जोडीनेच विकले जातात.

भारतात गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली. आज पुण्याजवळील रांजणगावात एलजी, व्हर्लपूल व हायर, शिरवळला गोदरेज, तर गोव्यात वेर्ण्याला आयएफबी असे कारखाने आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावचे व्हिडिओकॉन मात्र दिवाळखोरीत गेले. मराठवाड्यातल्या एका पिढीचा तो मोठा आधार होता.

या धंद्यातली मागणी उन्हाळ्यावर चालते. सीझनच्या आधी लाइन वाढवायची आणि पावसाळा लागला की माणसे कमी करायची, असा क्रम असल्याने कंत्राटी भरतीला वाव मिळतो. नोकऱ्यांच्या आकड्यात कायम आणि कंत्राटी कामगार सारखेच मोजले, तर हा फरक झाकला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाई, म्हणजे कपातीच्या वेळी नोटीस व भरपाईचा हक्क मिळे. ते दिवस भरण्याआधीच कामावरून थांबवणे, म्हणजेच ‘ब्रेक देणे’, हा शब्द एमआयडीसीतल्या कुठल्याही कामगाराला समजावून सांगावा लागत नाही.