सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच बंदुका

२०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. त्यांतल्या २६,३२८ जणांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. शेजारच्या मेक्सिकोत बंदुकीने आत्महत्या फार थोड्या होतात. बंदुकीने जाणारा जवळजवळ प्रत्येक जीव खुनात जातो.

कायदा पाहिला तर मेक्सिकोच कडक. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या १८५७ च्या राज्यघटनेतही होता. पण २ ऑक्टोबर १९६८ ला त्लातेलोल्को चौकात लष्कराने आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि नागरिकांच्या हातातल्या शस्त्रांची धास्ती घेतलेल्या सरकारने १९७१ मध्ये घटनेतले ते कलम आवळले. पुढे कित्येक वर्षे अख्ख्या देशात बंदुकीचे कायदेशीर दुकान एकच, तेही राजधानीतल्या लष्करी आवारात.

१९६८ च्या त्याच ऑक्टोबरात अमेरिकेनेही मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर बंदूक नियंत्रण कायदा केला. मात्र १९८६ मध्ये तो सैल झाला आणि बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायलाच मनाई आली. १९९४ साली लष्करी धाटणीच्या रायफलींवर घातलेली बंदी २००४ मध्ये संपली. कॅलिफोर्नियाने राज्यापुरती आपली बंदी ठेवली. टेक्सास, ॲरिझोनात अशी बंदी नव्हती, आणि तिथल्या बंदुका चोरून सीमेपलीकडे मेक्सिकोत जातात. २००४ नंतर टेक्सास, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्यांना लागून असलेल्या मेक्सिकन गावांत खून वाढले. कॅलिफोर्नियालगतच्या गावांत तशी वाढ झाली नाही, असे २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले. या साऱ्या प्रकरणात मला याहून बोलका पुरावा दिसत नाही.

पण नुसत्या बंदुकांनी माणसे मरत नाहीत, हेही खरे. अमेरिकन गिऱ्हाइकांच्या पैशावर पोसलेल्या अमली पदार्थांच्या टोळ्या मेक्सिकोत आधीच होत्या. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी त्यांच्यावर लष्कर सोडले. म्होरके पकडले गेले, टोळ्या फुटल्या आणि आपसात लढू लागल्या. २००७ साली ८,८६७ खून झाले होते. २०११ साली २७,२१३. बहुतेक खुन्यांना शिक्षाच होत नाही, मग धाक कुणाचा?

अमेरिकेत खुनांना शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले तरुण सर्वाधिक बळी पडतात. आत्महत्यांचे प्रमाण मात्र माँटाना, वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत, विशेषतः वयस्क गोऱ्या पुरुषांत जास्त. एकटेपणा, दारू, मानसोपचाराची वानवा, आणि घरात हाताशी बंदूक. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीव घेतात. म्हणूनच आत्महत्या बंदूकबळींत धरू नयेत, हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. त्या घटकेला बंदूक हाताशी नसती, तर यांतली बरीच माणसे आज आपल्यात असती.

सीमेपलीकडून येणाऱ्या या बंदुकांबद्दल मेक्सिकोने २०२१ साली अमेरिकी बंदूक कंपन्यांवर दावा लावला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. आधार होता बंदूक उत्पादकांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा. ॲरिझोनातल्या पाच दुकानदारांविरुद्ध मेक्सिकोने २०२२ साली वेगळा दावा दाखल केला आहे.