यकृतात थेट केमो: एचएआयसी वेगळी, टेस वेगळी

पित्तनलिकेचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेला आणि डॉक्टर म्हणाले, "थेट यकृतात केमो देऊ", तर आधी विचारा: एचएआयसी (यकृताच्या धमनीतून संथपणे केमो सोडणं) की टेस (केमो देऊन ती धमनी बुजवणं)? दोन्हींत बहुधा जांघेतून बारीक कॅथेटर यकृत धमनीपर्यंत नेतात, म्हणून घोळ होतो.

टेसमध्ये औषध सोडून धमनीची फांदी बुजवतात. काम एका बैठकीत आटोपतं. पुढे काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ.

एचएआयसीमध्ये धमनी वाहती राहते. फोल्फॉक्स (मुख्यतः ऑक्सॅलिप्लॅटिन आणि 5-एफयू या केमोच्या औषधांची जोडी) असेल तर आधी काही तास ऑक्सॅलिप्लॅटिन, मग पंपावर 5-एफयू, बरेचदा 46 तासांपर्यंत. तेवढा वेळ पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. कॅथेटर सरकलं तर औषध जठराकडे जाऊन तिथे व्रण होतात. म्हणून तिकडच्या फांद्या गरजेप्रमाणे आधीच कॉइलने (धातूच्या बारीक गुंडाळीने) बंद करतात. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असताना पोटात जोराची कळ आली तर सोसत बसू नका, नर्सला लगेच सांगा. वेग कमी केल्यावर ती बहुधा ओसरते.

या आजारात हा फरक फार मोलाचा आहे. यकृताच्या पेशींना आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेचंही रक्त मिळतं, पित्तनलिका मात्र जवळजवळ पूर्णपणे धमनीवर जगतात. त्यात स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवायला बसवलेली नळी) असला तर नलिकेत जंतू बहुधा असतातच. अशा ठिकाणी धमनी बुजवली की यकृतात गळू होण्याचा धोका वाढतो. आमच्या मते स्टेंट असलेल्या रुग्णात टेसचा निर्णय फार जपून घ्यावा.

कधी एचएआयसीच्या जोडीला इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारं औषध) सुचवतात. ती याहून निराळी: ती हाताच्या शिरेतून किंवा पोर्टमधून (त्वचेखाली बसवलेल्या, शिरेला जोडलेल्या डबीतून) देतात, आणि परिणाम सर्व शरीरावर होतो. टोपाझ-1 चाचणीत जेमसायटाबिन-सिसप्लॅटिन या केमोला ड्युर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 11.5 वरून 12.8 महिन्यांवर गेलं. दोन वर्षांनी सुमारे 25 टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या केमोच्या गटात 10 टक्के. पण तिथली केमो शिरेतून होती. तो आकडा एचएआयसी आणि इम्युनोथेरपीच्या जोडीला लावू नये. त्या जोडीचा पुरावा अजून मुख्यतः लहान अभ्यासांचा आहे.

जोडउपचारात बिलिरुबिन (रक्तात वाढलं की कावीळ होते तो घटक) वाढलं की खरी कसोटी लागते. स्टेंट तुंबला, केमोने यकृत दुखावलं, की इम्युनोथेरपीमुळे यकृताला सूज आली? शेवटच्या कारणावर स्टेरॉइड लागतात. पण नलिकेत जंतुसंसर्ग असताना तेच दिले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि स्टेरॉइडआधी सोनोग्राफी व रक्ताचं कल्चर (जंतू शोधणारी तपासणी) झालंय ना, हे विचारून घ्या.