वैराग्य वेगळं, विधवापण वेगळं

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आता मोहातनं बाहेर पड, देवाचं नाव घे." पुरुषाला सांगितलं तर याचा अर्थ हरिपाठ, माळ, वारी. बाईला सांगितलं की कपाळ आणि हात मोकळे करणंही त्यात धरलेलंच असतं. दोन्हीला वैराग्यच म्हणायचं, म्हणून घोळ होतो.

भक्तीतलं वैराग्य बघायचं तर तुकोबांकडं बघावं. १६२९-३०च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. घरात सावकारी होती. पुढं त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते: कागदांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा त्याच्या हवाली केला आणि फक्त आपला बुडवला. 'मी सावकार' हे सोडलं ते स्वतःपुरतं. भावाला विरक्त व्हायला लावलं नाही. जिजाईबरोबरचा संसारही मोडला नाही.

विधवापणाच्या प्रथांमध्ये सोडणारी एक आणि सोडायला लावणारे दुसरेच. बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात. तिला कुणी विचारत नाही. आणि एवढं करून 'मी अमक्याची' ही गाठ सुटते म्हणावं, तर तीच जास्त आवळली जाते. बाई शिक्षिका असो, शेतकरी असो, हळदी-कुंकवाला मात्र ती फक्त विधवा. अंबाबाईच्या ओटीचं ताट घेतानाही हात आखडतो: खण-नारळ चालेल, हिरव्या बांगड्या घेऊ का नको? आईची ओटी भरायला लेकीनं परवानगी कुणाची काढायची?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढं हेरवाडचा कित्ता ठेवला. यात धर्म बुडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तुकोबांचे ते दोन वाटे आठवावेत. ठरावानं कुणावर कुंकू लावायची सक्ती केलेली नाही.

ते करूही नये. नवरा गेल्यावर एखादी आपणहून माळ घालते, साधं नेसते, दागिन्यातनं तिचं मन उडालेलं असतं. तिच्यामागं "लाव की टिकली, आता चालतंय" म्हणून लागणं हेही त्याच माळेतलं.