नाक ताणलं म्हणजे व्यंगचित्र होत नाही

सांगलीत हल्ली लग्नाच्या रिसेप्शनला चित्रकार बसवायची टूम निघाली आहे. नवरदेवाचं डोकं भोपळ्याएवढं आणि धड चिमुकलं काढलं, की पाहुणे म्हणतात, 'काय झकास व्यंगचित्र!' अहो, ते अर्कचित्र. माणूस चटकन ओळखू यावा म्हणून नाक-हनुवटी ताणायची, एवढाच त्याचा खेळ. व्यंगचित्र बोट ठेवतं ते एखाद्या प्रसंगावर, प्रवृत्तीवर, मुद्द्यावर; चेहरा तिथे दुय्यम. रंगीत की काळं-पांढरं, खाली ओळ आहे की नाही, हे फरक किरकोळ.

खरा घोळ पुढे आहे. 'व्यंगचित्रांनी लोकमत घडवलं' असं भाषणात ठोकून देताना वक्ते दोन्हींची सरमिसळ करतात. दोन्हींचा घाव वेगवेगळ्या जागी बसतो.

लंडनचा चित्रकार विल्यम होगार्थ याचं 1751 मधलं 'जिन लेन' बघा. दारूनं धुळीला मिळालेली गल्ली, झिंगलेल्या आईच्या हातून निसटणारं मूल. नाव घ्यावं असा पुढारी त्यात एकही नाही, म्हणून राग येतो तो जिन या दारूचाच. त्याच वर्षी जिनच्या विक्रीला लगाम घालणारा कायदा झाला. (एकट्या चित्रानं झाला, असं कृपा करून सांगू नका, ओरड आधीपासून होती.)

आता इंग्लिश चित्रकार जेम्स गिलरे. 1803 पासून त्यानं नेपोलियनला थयथयाट करणारं बुटकं पोर करून टाकलं. नेपोलियन होता सुमारे 168 सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानानं ठीकच. फ्रेंच इंच इंग्लिश इंचाहून मोठा, त्यामुळे फ्रेंच मापातला उंचीचा आकडा इंग्रजांना कमी वाटला; त्या गोंधळानंही भर घातली. पण ज्याला त्याची एकही लढाई धड सांगता येणार नाही, तोसुद्धा आज नेपोलियन बुटका होता हे छातीठोकपणे सांगतो. युद्ध योग्य की अयोग्य, यावर तो बुटकेपणा अवाक्षर बोलत नाही. अर्कचित्र माणसाला चिकटतं, मुद्द्याला नाही.

गिलरेचंच 1805 मधलं चित्र मात्र दोन्ही साधतं: ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचं पुडिंग कापून घेताहेत. चेहरे झाकले तरी हावरेपणा दिसतोच. मी हीच कसोटी लावतो. निवडणुकीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, पुढाऱ्याचं पोट फुगवलेल्या चित्रांना ती लावा; चेहरा झाकला की मागे काही उरत नाही. तरी त्यांना 'परखड भाष्य' म्हणायचं!

जिल्ह्यातलंच उदाहरण हवं, तर किर्लोस्करवाडी. तिथले शं. वा. किर्लोस्कर हे 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक आणि व्यंगचित्रकारही. त्यांनी धारेवर धरल्या त्या जुनाट रूढी. माझी पसंती तिकडेच.